अंतर्कर्णाचा तोल आणि चित्राची साक्ष

डोके फिरण्याला मराठीत शब्दांचा तोटा नाही. भोवळ, घेरी, चक्कर, अंधारी, झीट यांपैकी एखादा शब्द प्रत्येक घरात रूढ असतो. वस्तुतः डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे, चालताना तोल जाणे वेगळे आणि सारे घर आपल्याभोवती गरगर फिरू लागणे वेगळे. पहिल्याचे कारण पुष्कळदा रक्तदाबात अथवा रक्तक्षयात सापडते. शेवटच्याचे मूळ बहुधा कानात असते. परंतु डॉक्टरांपुढे बसताच तिन्हींना ‘चक्कर’ हे एकच नाव मिळते आणि पाठोपाठ मागणी होते ती डोक्याच्या चित्राची. ‘एकदा फोटो काढा, म्हणजे निकाल लागेल,’ असा घरच्या मंडळींचा आग्रह असतो. हा निकाल चित्राने खरोखर लागतो काय, आणि लागत असल्यास केव्हा, हाच प्रस्तुत विचाराचा विषय होय.

प्रथम कानाची रचना पाहू. कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय नव्हे. शरीरातील अत्यंत कठीण अशा अस्थीच्या पोटात एक इवलासा चक्रव्यूह आहे. त्यात परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असून त्या द्रवाने भरलेल्या असतात. मान वळली की द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळणाची वर्दी मिळते. नलिकांच्या पायथ्याशी दोन लहान पिशव्या आहेत. त्यांतील मऊ थरावर चुनखडीचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. सरळ रेषेतील हालचालीची व डोके कलल्याची जाणीव ते करून देतात. दोन्ही कानांची वर्दी जुळेनाशी झाली, म्हणजे स्थिर भिंतही फिरताना दिसते.

या विकाराचे निदान चित्रांच्या आधीपासून होत आले आहे. भोवळीचे मूळ मेंदूत नसून कानात असू शकते, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली मांडले. त्या वेळी क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता; तो राँटगेन यांनी १८९५ साली लावला. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कानात थंड व गरम पाणी सोडून डोळ्यांच्या बाहुल्यांची हालचाल पाहिली आणि तेवढ्यावरून आतील नलिकांची परीक्षा केली. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच विषयातील कार्याबद्दल मिळाले. कानाचे दुखणे डोळ्यांत वाचता येते, हा त्या कार्याचा इत्यर्थ.

आज सर्वांत अधिक आढळणारी कानाची भोवळ घ्या. अंथरुणात कूस बदलली, अथवा फडताळावरचा डबा काढण्यास मान वर केली, की जग फिरू लागते आणि मिनिटाच्या आत शांत होते. येथे पिशवीतील स्फटिक सुटून नलिकेत शिरलेले असतात. त्यांचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. आणि उत्तम यंत्राचे चित्रही साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच बारकावा दाखविते. अर्थात हे स्फटिक नेहमीच्या चित्रात दिसत नाहीत. त्यांची ओळख पटते ती डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ साली वर्णिलेल्या परीक्षेने. रुग्णाला मान वळवून झटकन आडवे करतात व त्याच्या डोळ्यांकडे पाहतात. उपायही हातांचाच आहे. अमेरिकेतील जॉन एप्ली यांच्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने फिरविले, की स्फटिक आपल्या जागी परततात. जाणत्या हातांनी हे कार्य काही मिनिटांत होते.

मग चित्र निरुपयोगी काय? मुळीच नाही. लहानपणापासून ज्याचा कान फुटतो, ज्यातून दुर्गंधीयुक्त पू वाहतो, त्याला भोवळ येऊ लागली तर चित्र अगत्याचे ठरते. मध्यकर्णात शिरलेली त्वचेची पिशवी हाड कुरतडीत नलिकेपर्यंत पोहोचलेली असू शकते. सी. टी. चित्रात हे भगदाड बहुधा दिसते व शस्त्रक्रियेची दिशा ठरते. असा कान घरात तेल घालून दाबीत बसणे धोक्याचे. मोठा आवाज होताच ज्याला गरगरते, त्याच्या वरच्या नलिकेवरील हाडच विरळ होऊन उघडे पडलेले असते, हे अमेरिकेतील लॉइड मायनर यांनी १९९८ साली दाखविले, त्यासही सी. टी.ची साक्ष लागते. एकाच कानाची श्रवणशक्ती हळूहळू कमी होत असेल, तर श्रवणतोल-मज्जातंतूवरील गाठ एम. आर. आय.ने शोधावी लागते. मेनिएर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात आतील द्रवाचा फुगवटाही जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २००७ साली जिवंत माणसात दाखविला. पण या विकाराचे निदान आजही मुख्यतः रुग्णाच्या हकीकतीवर व श्रवणपरीक्षेवर होते.

आणि सर्वांत सावधपणे पाहावयाचा प्रसंग निराळाच आहे. भोवळ अकस्मात आली, ती तासन्‌तास थांबेना, दोन-दोन वस्तू दिसू लागल्या, जीभ जड झाली, आधाराशिवाय उभे राहता येईना, तर तो मेंदूच्या मागील भागातील रक्तपुरवठा खुंटल्याचा प्रकार असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. येथे सी. टी. चित्र पुष्कळदा निर्दोष दिसते. पहिल्या दोन दिवसांत एम. आर. आय.ही कधी कधी चकविते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोळ्यांच्या तीन साध्या परीक्षांनी या आरंभीच्या चित्रापेक्षाही अचूक निर्णय दिला. तात्पर्य, निर्दोष चित्र म्हणजे निर्दोष माणूस नव्हे.

वर्धा जिल्ह्यात हा विवेक विशेष महत्त्वाचा आहे. सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सावंगी येथे १९९० साली दुसरे सुरू झाले. आर्वी, समुद्रपूर, हिंगणघाटच्या खेड्यांतून या दोन ठिकाणी माणसे येतात. सेवाग्रामच्या रुग्णालयाने गावांसाठी चालविलेल्या आरोग्यविम्यात एके काळी वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेतली जात असे. ज्वारी मोजून देणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने अनावश्यक चित्राचा खर्च हा मजुरीचा व बियाण्याचा प्रश्न होतो. उलट, विहिरीच्या काठावर अथवा फवारणीचा पंप पाठीवर असताना तोल गेला, तर प्राणावरच बेतते. म्हणून आवश्यक चित्र टाळणेही महागच.

या दोहोंतील निवड होते ती प्रश्नांनी. भोवळ किती वेळ टिकली? कशाने सुरू झाली? सोबत कान वाहिला, ऐकू कमी आले, कानात आवाज झाला काय? ही तीन उत्तरे घरच्या माणसांनी कागदावर टिपून नेली, तर डॉक्टरांचे काम पुष्कळ सुकर होते. चित्र हा साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराला काय विचारावयाचे हे आधी ठरलेले असेल, तरच त्याच्या साक्षीला मोल येते.