कुलूप घराला की पेटीला?

श्रोतेहो, समजा, तालुक्याच्या दवाखान्यात तुमचं रक्त तपासलं आणि अहवाल संगणकात ठेवला. तो तुम्ही पाहावा, तुमच्या डॉक्टरांनी पाहावा. शेजाऱ्याने किंवा विमा-एजंटाने पाहू नये. हे कसं साधायचं?

आजच्या इंटरनेटवर माहिती मागायची तर ती कोणत्या यंत्रात आहे, त्याचा पत्ता लागतो. त्या यंत्राच्या दाराशी जणू पहारेकरी असतो. ओळख पटली की तो आत सोडतो. म्हणजे कुलूप घराला.

व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक निराळी रचना मांडली. तीत पत्ता सांगायचा नाही, माहितीचं नाव सांगायचं. मागणी निघाली की वाटेत ज्या यंत्रापाशी प्रत असेल, तेच ती देतं. याच विचारावर अमेरिकेत २०१० साली ‘नेम्ड डेटा नेटवर्किंग’ हा प्रकल्प सुरू झाला. शंभर विद्यार्थ्यांनी एकच धडा मागितला, तर तो शंभर वेळा दुरून आणायला नको, जवळच मिळतो.

सोय झाली खरी. पण पहारेकऱ्याचं काय? प्रती दहा ठिकाणी आणि पहारेकरी एकाच दारात! म्हणून इथे कुलूप पेटीला लावतात. माहिती गुप्तलिपीत पाठवायची. प्रत कुणाच्याही हाती पडो, किल्लीवाचून ती नुसती निरर्थक अक्षरं! ती किल्लीही उघडी पाठवीत नाहीत. ज्याला हक्क आहे त्यालाच उघडता येईल अशा दुसऱ्या पेटीत घालतात. शिवाय माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर तो तयार करणाऱ्याची सही असते. वाटेत कुणी फेरफार केला तर तो उघडकीस येतो.

तरी दोन अडचणी उरतातच. एकदा दिलेली किल्ली परत घेता येत नाही. तुम्ही डॉक्टर बदललात, तर पुढच्या अहवालांना नवी किल्ली लावता येईल. मागचे अहवाल मात्र जुन्या किल्लीने उघडतच राहतील. दुसरी गोष्ट, पेटी बंद असली तरी तिच्यावरचं नाव वाटेतल्या यंत्रांना वाचता येतं. नावातच रोगाचा उल्लेख असला, तर पेटी न उघडताच बातमी फुटली म्हणायची!

ही रचना अजून मुख्यतः प्रयोगाच्या पायरीवर आहे. पण तिच्यातला प्रश्न आपला रोजचाच आहे. शिक्षकबंधूंनी तो वर्गात जरूर मांडावा. आणि आपण सर्वांनी माहिती देताना ‘ती ठेवणार कुठं?’ एवढंच विचारून थांबू नये, ‘किल्ली कुणाकुणापाशी?’ हेही विचारावं.