तलावात उतरण्याआधी मासा ठरवा



हरभरा, लाखोळी घरात आली, की उन्हाळी कामे सुरू होईपर्यंत थोडी उसंत मिळते. गावच्या तलावाचे पाणीही तोवर पाळीपासून मागे हटलेले असते. आपल्या भंडारा-गोंदिया भागात मग एक बेत हटकून निघतो, की ढिवरभाऊंना सोबत घ्यायचे आणि एक दिवस तलावात जाळे टाकायचे. बेत चांगलाच आहे. पण काठावर पोचल्यावर ढिवरभाऊ विचारतात, "पाटील, मासा कोणता पाहिजे?" आणि आपण सांगतो, "जो लागेल तो." हे उत्तर महागात पडते. जो लागेल तो म्हणून टाकलेल्या बारीक आसाच्या जाळ्यात पाव पाव किलोची पिल्ले येतात, बाजारात त्यांना भाव नसतो, आणि पुढच्या वर्षीचा किलोकिलोचा माल आपण आजच घालवून बसतो.

तेव्हा पहिल्याने तलावात काय आहे ते ओळखा. पावसाळ्यात बोटुकली सोडली असेल तर कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे असतातच. तोंड पाहिले की ओळख पटते. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या अंगाला वळलेले, कारण तो पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव खातो. मृगळ अंगाने सडपातळ, त्याचे तोंड खालच्या बाजूला; तो तळाचा गाळ आणि कुजका पाला चाळतो. रोहू मधल्या थरातला, लालसर परांचा, खालच्या ओठाला झालर असलेला. एकाच तलावात तिघांची तीन घरे आहेत म्हणा ना. म्हणून एकच जाळे एकाच रीतीने टाकून तिघेही सारखे मिळतील ही आशा सोडा. कटल्याला वरच्या थरात तरंगते जाळे लागते. मृगळासाठी ओढजाळ्याची खालची दोरी वजनाने तळाला टेकली पाहिजे, नाही तर तो खालून निसटतो. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, सोडला असेल तर तो जाळ्यावरून उडी मारतो, तेव्हा जाळ्याची वरची दोरी उचलून धरायला दोन माणसे जास्त घ्या.

आता कोणता आधी धरायचा? हे तलावाच्या पाण्यावर अवलंबून आहे. तलाव बारमाही असेल तर घाई कशाला करता? चांगल्या खाद्याच्या पाण्यात कटला वर्षात किलोच्या आसपास जातो, रोहू आणि मृगळ त्याच्या थोडे मागे असतात. गेल्या पावसाळ्यातली बोटुकली फाल्गुनात अजून वाढीला लागलेली असते. तेव्हा मोठ्या आसाचे जाळे लावा, जुना मोठा मासा तेवढा काढा आणि बाकीचा राहू द्या.

पण तलाव वैशाखात आटणारा असेल, धानाला पाणी सोडून तुडुमाखालीच उरला असेल, तर हिशेब उलटा होतो. पाणी कमी झाले, तापले, की त्यातला प्राणवायू कमी पडतो. रात्रभर पाण्यातले शेवाळ आणि वनस्पतीही तो वापरतात, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याच्या आधीची. त्या वेळी पाळीवर जाऊन उभे राहा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजा, दिवस थोडे राहिले. या तंगीत आधी मरतात ते चंदेरा आणि कटला. रोहू, मृगळ त्यामागून. सायप्रिनस आणखी चिवट. म्हणून आटत्या तलावात पहिला हात चंदेरा आणि कटल्यावर टाका, मग ते अर्ध्या किलोचे का असेनात. चंदेरा धरल्यावर लवकर खराबही होतो, तेव्हा बर्फ काठावर आला नसेल तर त्याचे जाळे टाकूच नका.

मरळ, मागूर आणि शिंगी यांची गोष्टच न्यारी. हे वरची हवा घेऊन जगणारे मासे. चिखलपाण्यातही तग धरतात. तेव्हा ते शेवटी ठेवा. भावाच्या दृष्टीनेही ते बरे, कारण मरळ जिवंत विकली तर गिऱ्हाईक चांगले मिळते. घागरीत थोडे पाणी घालून ती जिवंत नेता येते. फक्त तोंडाला कापड घट्ट बांधा, ती उडी मारून जाते. मरळ जाळ्यापेक्षा गळाने धरावी. वनस्पतीच्या कडेला, जिवंत बेडूक किंवा लहान मासोळी लावून. ढिवरभाऊंना तिची जागा पाण्यावरच्या एका बुडबुड्यावरून कळते. हे ज्ञान आपल्याला कागदावर शिकता येणार नाही, त्यांच्या शेजारी बसूनच शिकावे लागते.

मात्र मरळीच्या बाबतीत एक पथ्य पाळा. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा एकत्र फिरताना दिसेल. त्याच्या खाली आईबाप राखण करीत असतात. तिथे गळ टाकला तर मरळ हमखास लागते, कारण ती पिल्लांपुढून हटत नाही. पण राखणदार गेला, की तो अख्खा थवा इतर मासे खाऊन टाकतात. एका मरळीपायी शेकडो मरळी गेल्या. उलट उन्हाळ्यात, नवी बोटुकली सोडण्याआधी, मोठ्या मरळी अवश्य काढा. राहिल्या तर तुमच्या पैशाची बोटुकली त्यांच्या पोटात जाईल.

पहिल्या पावसात सांडव्यावर आणि नाल्यात चढणीचे मासे येतात, पोट अंड्यांनी भरलेले असते. ते धरायला सगळे गाव धावते, आणि सोपेही असते. माझे मत सांगतो, ते धरू नयेत. गावठी मासे आपल्या तलावात फुकट वाढतात ते या आठ-पंधरा दिवसांच्या जोरावर. कटला, रोहू, मृगळ तर साचलेल्या तलावात सहसा अंडी घालतच नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून केंद्रातले बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पण मरळीसारख्या गावठी माशांचे बीज आपल्याला तलावानेच द्यायचे आहे.

चिलापीला मात्र दयामाया नको. हा मासा १९५२ साली बाहेरून भारतात आला. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा पिल्ले होतात आणि तलाव बारीक माशांनी भरून जातो. तो लहान असो की मोठा, जाळ्यात आला की काढा. परत पाण्यात सोडू नका. परदेशी मागूर कोणी आणून देत असेल तर त्याला वाटेनेच परत पाठवा. त्याच्या पालनाला बंदी आहे, आणि तो इतर मासे फस्त करतो.

जाळे नको, नुसता एक दिवस गळ टाकायचा आहे, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी रोहू किंवा मृगळ धरावा. कणकेत भाजलेली शेंगदाण्याची पेंड मळून गोळी करा. तळातून बारीक बुडबुड्यांची ओळ उठते तिथे मृगळ किंवा सायप्रिनस गाळ उकरीत असतो, गळ तिथेच तळाला टेकू द्या. कडाक्याच्या थंडीत मासा खायला मंद होतो, तेव्हा ऊन चढल्यावर जा.

तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर आधी संस्थेला विचारा. आपण धानवाले पाण्याचे हक्कदार असलो तरी मासा त्यांचा असतो. ढिवरभाऊंचा वाटाही होडीत बसण्याआधीच बोलून घ्यावा, मासा हाती आल्यावर नव्हे. आणि आटत्या तलावातला एक खोल डोह, जिथे पाणी पावसाळ्यापर्यंत टिकते, तो सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा. तिथे त्या साली जाळे टाकायचे नाही.