गोळीच्या मुळाशी
(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. घरात गणपती बसायचे असतात, सत्यनारायण असतो, नणंदेचं लग्न असतं. तारीख नेमकी तेव्हाच येणार असते. मग औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी येते. अनेकदा ती नवऱ्याच्या किंवा दिराच्या हातून येते आणि डॉक्टरचा पत्ताही नसतो. त्या पट्टीवर बारीक अक्षरात 'नॉरएथिस्टेरॉन' लिहिलेलं असतं. आज मला या एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे.

विटाळ, पाळी, देवघर यांवर आपण पुष्कळ बोललो आहोत, यापुढेही बोलू. पण ही गोळी आली कुठून, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. तो विचारला की आपण थेट मेक्सिकोच्या जंगलात जाऊन पोचतो. ही गोष्ट एका शास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. थोडी वैद्यकात आहे, थोडी आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रात, थोडी मेक्सिकोच्या मानववंशशास्त्रात. तिन्ही शेजारी ठेवली, की चित्र दिसायला लागतं.

आधी वैद्यक. १९४० च्या सुमारास प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोन्याहून महाग होतं. जनावरांच्या अवयवांतून ते अगदी थोडं मिळे आणि एका ग्रॅमला ऐंशी डॉलरच्या आसपास भाव होता. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढलं, की काही कंदांमध्ये डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवता येतं. आपल्याकडच्या कोनफळ-करांद्याच्याच कुळातले हे कंद. १९४२ मध्ये तो मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यात गेला आणि कंद मिळवून आला. अमेरिकेतल्या कंपन्यांनी त्याच्या कल्पनेत रस दाखवला नाही. म्हणून १९४४ मध्ये मेक्सिको शहरातच सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. मार्कर वर्षभरात भांडून निघून गेला, पण काम थांबलं नाही. पुढे 'बार्बास्को' नावाच्या दुसऱ्या कंदात डायोस्जेनिन कितीतरी जास्त आहे असं लक्षात आलं आणि सगळा धंदा त्या कंदावर उभा राहिला.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी सिंटेक्सच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या सव्वीस वर्षांच्या मेक्सिकन विद्यार्थ्याने नॉरएथिस्टेरॉन तयार केलं. कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ हे त्याचे वरिष्ठ. पेटंटवर तिघांचीही नावं आहेत. पण 'गोळीचा जनक' म्हणून जगभर गाजलं ते मुख्यतः जेरासीचं नाव. प्रयोगशाळेच्या आतसुद्धा कोणाचं नाव वर जातं आणि कोणाचं खाली राहतं, हे लक्षात ठेवा. प्रयोगशाळेच्या बाहेर तर नावंच नव्हती.

आता गोळी बायकांपर्यंत कशी पोचली ते पाहू. १९५६ मध्ये पोर्टो रिकोतल्या रिओ पिएद्रास या वस्तीत गरीब बायकांवर पहिली मोठी चाचणी झाली. गोळी दुसऱ्या कंपनीची होती, पण घराणं तेच. आजच्या गोळ्यांच्या मानाने हार्मोनची मात्रा कितीतरी पट जास्त होती. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं, की गर्भ राहत नाही हे खरं, पण सतरा टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होत आहेत आणि सरसकट वापरायला हे त्रास फार आहेत. चाचणीचे सूत्रधार पुरुष शास्त्रज्ञ म्हणाले, हे त्रास बरेचसे मनाचे आहेत. 'मनाचे खेळ' हे उत्तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही बायकांनी किती वेळा ऐकलंय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

१९६० मध्ये अमेरिकेत गोळीला संततिनियमनासाठी परवानगी मिळाली. १९७० मध्ये तिथल्या सेनेटमध्ये गोळीच्या दुष्परिणामांवर सुनावणी झाली. साक्ष द्यायला गोळी घेणाऱ्या एकाही बाईला बोलावलं नव्हतं. तेव्हा स्त्रीमुक्तीवाद्या प्रेक्षकांत उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुनावणी अडवून प्रश्न विचारले. त्या रेट्यातून गोळीच्या पाकिटात बायकांसाठी माहितीचा कागद घालणं सक्तीचं झालं. तो कागद कंपनीने आपणहून दिलेला नाही, बायकांनी भांडून मिळवला आहे.

आता अर्थशास्त्र. १९५० च्या दशकात जगाला लागणाऱ्या स्टेरॉइड संप्रेरकांच्या कच्च्या मालाचा फार मोठा हिस्सा मेक्सिकोतून जात होता. त्यात संधिवातावर चमत्कार मानलं गेलेलं कॉर्टिझोनही होतं. म्हणजे निसर्गाची देणगी मेक्सिकोची, पहिली कंपनी मेक्सिकोतली, संशोधन मेक्सिकोतलं. तिसऱ्या जगातल्या देशाला अशी संधी क्वचितच मिळते. मग झालं काय? १९५६ मध्ये सिंटेक्स अमेरिकन मालकीत गेली. पुढच्या काही वर्षांत संशोधनही कॅलिफोर्नियाला हललं. बाकीच्या बहुराष्ट्रीय कंपन्या मेक्सिकोत आल्या त्या कंद उचलायला. कंदापासून काढलेला अर्धवट माल बाहेर जायचा आणि तयार औषध महाग होऊन परत यायचं.

लॅटिन अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी याच काळात मांडलं होतं, की कच्चा माल विकणारे देश आणि पक्का माल विकणारे देश यांच्यातला व्यापार काळाच्या ओघात कच्चा माल विकणाऱ्याच्या विरोधात झुकत जातो. गॅरी गेरेफी या अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या पुस्तकात मेक्सिकोच्या या संप्रेरक उद्योगाचाच बारकाईने अभ्यास केला. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं : कारखाना कुठे आहे यापेक्षा निर्णय कुठे होतात, हे महत्त्वाचं. कारखाना देशात आणि निर्णय बाहेर, याला अवलंबित्व म्हणतात.

पण बायांनो, 'देशाचं नुकसान झालं' एवढ्यावर अर्थशास्त्र थांबतं. देश म्हणजे कोण? इथे तिसरं शास्त्र मदतीला येतं.

बार्बास्को उगवतो व्हेराक्रूझ, ओआहाका, चियापास, ताबास्को या राज्यांच्या ओल्या जंगलांत. ओआहाकात ही चिनान्तेक आणि माझातेक लोकांची भूमी. हजारो कुटुंबं कंद खणायची, पाठीवरून आणायची, वजन करून द्यायची. गावातला व्यापारी, त्याच्यावरचा मोठा व्यापारी, त्याच्यावर कंपनी, अशी उतरंड होती. खणणाऱ्याच्या हातात किलोमागे सर्वांत कमी पैसे पडत. याचं काय बनतं, हे बहुतेकांना कोणी सांगितलंच नव्हतं. साबण होतो, असं कित्येकांना वाटायचं.

गोन्सालो अगिर्रे बेल्त्रान हे मूळचे डॉक्टर, पुढे मेक्सिकोतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ झाले. १९६७ मध्ये त्यांनी 'आश्रयाचे प्रदेश' ही कल्पना मांडली. मूलनिवासी लोक डोंगरदऱ्यांत ढकलले जातात आणि जवळच्या बाजारपेठेचं शहर व्यापार, कर्ज, सरकारी कचेरी यांच्या जोरावर त्यांच्यावर राज्य करतं. ही मांडणी वाचताना मला धडगाव, मोखाडा, एटापल्ली दिसत होतं. पण याच शास्त्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. मेक्सिकोतलं सरकारी मानववंशशास्त्र मूलनिवासींना 'मुख्य प्रवाहात' आणण्याच्या कामी जुंपलेलं होतं. याच पापालोआपान खोऱ्यात १९५० च्या दशकात मोठं धरण झालं आणि वीस हजारांहून जास्त माझातेक लोक उठवले गेले. त्यांना हलवण्याच्या कामात मानववंशशास्त्रज्ञ सहभागी होते. १९७३ मध्ये मिगेल बार्तोलोमे आणि अलिसिया बाराबास या अभ्यासकांनी या विस्थापनाला वंशसंस्कृतीचा संहार म्हटलं. म्हणजे शास्त्रही एकसंध नसतं. त्याच्या आतही बाजू घ्याव्या लागतात. समाजकार्यात एमए केलेल्या आम्हा मुलींना हे वर्गात कमी आणि गावात जास्त कळतं.

१९७५ मध्ये अध्यक्ष एचेवेरिया यांच्या सरकारने 'प्रोकिवेमेक्स' ही सरकारी कंपनी काढली. कंदाला चांगला भाव देऊ, औषधंही देशात बनवू, असं वचन होतं. खणणारे संघटित झाले, आपण खणतो त्याचं औषध होतं हे उघडपणे बोललं जाऊ लागलं. पण कंपन्यांनी तोवर सोयाबीन आणि इतर पर्याय शोधले होते. भाव मागणाऱ्या कंदापेक्षा त्यांना ते परवडले. सरकारी कंपनी टिकली नाही. गाब्रिएला सोतो लावेआगा या इतिहासकार बाईंनी २००९ मध्ये 'जंगल लॅबोरेटरीज' या पुस्तकात म्हाताऱ्या झालेल्या खणणाऱ्यांशी बोलून हा इतिहास लिहिला. औषधाच्या इतिहासात त्यांच्यामुळे खणणारी माणसं आली.

आणि या सगळ्यातली सर्वांत कडू गोष्ट ऐका. ज्या देशाच्या मातीतून गोळी निघाली, त्या देशाचं धोरण १९७४ पर्यंत लोकसंख्या वाढवण्याचं होतं. त्यानंतर धोरण उलटं फिरलं आणि गरीब, मूलनिवासी बायकांवर संततिनियमनाचा दबाव आला. संमती न घेता किंवा फसवून केलेल्या प्रकारांबद्दल तिथल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २००२ मध्ये खास शिफारस करावी लागली. आधी 'मुलं काढा', मग 'मुलं थांबवा'. दोन्ही वेळा बाईला विचारलं नाही.

आता आपल्या दारात येऊ. नॉरएथिस्टेरॉनचंच इंजेक्शन म्हणजे नेट-एन. १९८५ मध्ये आंध्रातल्या पाटनचेरू इथे त्याच्या चाचणीचं शिबिर झालं. बायकांना हे प्रयोगातलं इंजेक्शन आहे हे नीट सांगितलं नव्हतं. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतरांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. चौदा वर्षांनी, २००० साली, सरकारने मान्य केलं की राष्ट्रीय कार्यक्रमात नेट-एन सरसकट आणता येणार नाही. मग डेपो-प्रोव्हेरा आलं. १९९३ मध्ये त्याला खाजगी विक्रीची परवानगी मिळाली. संघटनांच्या विरोधामुळे ते सरकारी कार्यक्रमाबाहेर राहिलं. पण २०१७ पासून तेच औषध 'अंतरा' या गोड नावाने सरकारी दवाखान्यांत दर तीन महिन्यांनी दिलं जातं.

मी अंतराच्या विरोधात सरसकट बोलणार नाही. नवरा निरोध वापरत नाही, सासूला गोळ्यांची पट्टी दिसते, तांबी नको वाटते, अशा बाईला तीन महिन्यांचं इंजेक्शन हा मोठा आधार असतो. अशा बायका आपल्याला रोज भेटतात. त्यांना आपण 'नको' म्हणणाऱ्या कोण? पण तिला हे कळलं पाहिजे, की अंगावर अनियमित जाईल किंवा पाळीच बंद होईल. हाडांची घनता कमी होऊ शकते. बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. लिंगसांसर्गिक आजारांपासून आणि एचआयव्हीपासून संरक्षण मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे, गोळी उद्यापासून थांबवता येते. टोचलेलं इंजेक्शन अंगातून परत काढता येत नाही. म्हणून संमती आधीच, पुरेशी आणि तिच्या भाषेत हवी.

आणि जंगलाचं काय? हिमालयातला याच कुळातला एक कंद डायोस्जेनिनसाठी इतका खणला गेला, की १९७५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावं लागलं. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. ओआहाकातल्या माणसांना जे उशिरा आणि अर्धवट मिळालं, त्याचं बीज इथे आहे. पण त्या ग्रामसभेत पानं तोडणारी बाई बोलते का आणि पैसे तिच्या खात्यावर येतात का, हे आपण विचारायचं आहे.

म्हणून प्रत्येक गटाने घरी जाताना चार प्रश्न घेऊन जावेत. औषध कुठल्याही नावाचं असो : कच्चा माल कोणाच्या हातून आला आणि त्याला काय मिळालं? निर्णय कुठे झाले? चाचणी कोणाच्या अंगावर झाली? आणि घेणाऱ्या बाईला काय सांगितलं? पहिले दोन अर्थशास्त्राचे आहेत, तिसरा वैद्यकाचा. चौथ्याचं उत्तर मिळवायला शास्त्रज्ञ लागत नाही. येत्या महिन्यात आपापल्या उपकेंद्रात जा, अंतरा घेतलेल्या पाच बायकांशी निवांत बोला आणि त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांच्या शब्दांत लिहून आणा. पुढच्या बैठकीत ते कागद एकत्र मांडू आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे घेऊन जाऊ.