दोरखंडात अडकलेला देवमासा

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, फ्लोरिडापासून कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातापर्यंत, राइट व्हेल या जातीचा देवमासा संचार करतो. संथ पोहणारा आणि मेल्यावर पाण्यावर तरंगणारा, म्हणून शिकाऱ्यांच्या लेखी हाच ‘योग्य’ देवमासा ठरला आणि तेच नाव त्यास चिकटले. १९३५ साली त्याच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. तरीही आज या जातीचे ४०० हूनही कमी जीव उरले आहेत. जहाजांच्या धडकेखेरीज त्यांच्या जिवावर उठला आहे तो कोळ्याचा साधा दोर.

शेवंड व खेकडे धरण्याचे सापळे समुद्रतळाशी ठेवतात. ते पुन्हा सापडावेत व वर ओढता यावेत म्हणून प्रत्येक माळेचा दोर पाण्यावरील बोयापर्यंत उभा असतो. तोंड उघडे ठेवून सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्या देवमाशाच्या जबड्यात हा दोर शिरतो. सुटण्यासाठी तो धडपडू लागला की परांभोवती व शेपटीभोवती वेढे पडतात. मृत्यू लगेच येत नाही, हे अधिक क्रूर. महिनोन्‌महिने तो भार ओढत राहतो, खंगतो. माद्या अशक्त झाल्याने पिलेही कमी होतात. १९८० ते २००९ या काळातील छायाचित्रांच्या अभ्यासात शंभरांपैकी ८३ देवमाशांच्या अंगावर दोराचे वण आढळले.

नौकेतून जवळ जाऊन दोर कापणारी पथके आहेत. पण ते काम जिवावरचे. १० जुलै २०१७ रोजी कॅनडात एका देवमाशाला मोकळे करताच त्याच्याच तडाख्याने एक अनुभवी मच्छीमार बचावकर्ता मृत्युमुखी पडला. त्याच वर्षी या जातीचे १७ देवमासे मेलेले आढळले.

म्हणून आता भर आहे तो पाण्यातील दोर कमी करण्यावर. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत देवमाशांच्या मोसमात सापळ्यांना मनाई असते. सुमारे ७७० किलोच्या ताणाला तुटणारा दोर वापरात आला आहे. ध्वनिसंकेत मिळताच तळातून बोया वर सोडणारे सापळेही निघाले आहेत. मात्र ते महाग आहेत आणि लहान नौकेच्या धन्याने तो खर्च कोठून करावा, हा प्रश्न रास्तच आहे.

हाच प्रश्न कोकण किनाऱ्यावरही होता. संरक्षित जलचर सोडविण्यासाठी जाळे कापावे, तर नुकसान मच्छीमाराचे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. सुटकेचे छायाचित्र हाच त्यासाठी पुरावा.