थरथर आणि हाडे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



शिलकी वर्गणीतून पायाखाली थरथरणारे यंत्र मंडळासाठी घ्यावे, अशी सूचना आली आहे. त्यावर उभे राहिल्याने हाडे बळकट होतात हे कितपत खरे, ते सांगण्याचे काम मजकडे आले आहे.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जुने हाड झिजविणाऱ्या आणि नवे बांधणाऱ्या पेशींचे काम त्यात जन्मभर चालू असते. भार पडेल तसे हाड घडते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. भाराची खबर लागते ती हाडाच्या आत दडलेल्या पेशींना. एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचा स्राव सोडून नवे बांधकाम आवरून धरतात. भार पडला की हा लगाम ढिला होतो. पाळी गेल्यावर मात्र इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि झिजविणाऱ्या पेशी शिरजोर होतात. म्हणून हा प्रश्न आपणा बायकांचा अधिक.

थरथरीने हाडाला भार पडल्यासारखे वाटेल, ही कल्पना मोठी आशेची. अमेरिकेत क्लिंटन रुबिन यांनी मेंढ्यांना वर्षभर रोज वीस मिनिटे हलक्या थरथरीवर उभे केले. मांडीच्या हाडाच्या जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली, असे त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. पण मेंढीचे ते माणसाचे नव्हे. टोरांटो येथे पाळी गेलेल्या २०२ निरोगी स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. यंत्रावर रोज उभ्या राहिलेल्या आणि न राहिलेल्या स्त्रियांच्या हाडांच्या घनतेत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, असा निकाल २०११ साली आला.

कोणी रक्ततपासणीचे आकडे दाखवील, तर भुलू नये. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक दिवसाच्या वेळेप्रमाणेही वरखाली होते. रक्त मिनिटांत बदलते. हाडाला महिने लागतात.

तेव्हा यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच पैशांत जाणत्या शिक्षिकेकडून वजने उचलण्याचा वर्ग सुरू करावा. साध्या पडण्याने ज्यांचे हाड मोडले असेल, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांकडून घनता तपासून घ्यावी. त्यावर औषधे आहेत. आता निर्णय सभेने करावा.