पाथरीच्या पुढची वाट

“बनी तो बनी, नहीं तो परभणी” ही म्हण परभणीकरांस बाहेरगांवीं गेल्यावर हटकून ऐकावी लागते. तींत कौतुक नाहीं हें उघड आहे. तरी परभणीकर स्वतःहि ती हंसत हंसत म्हणून दाखवितात. आपला जिल्हा मुद्दाम पाहावयास कोण येणार, ही समजूत त्या हंसण्याखालीं दडलेली असते.

येणारे येतात, परंतु दोन ठिकाणें पाहून परततात. साईबाबांचें जन्मस्थान म्हणून पाथरीचें मंदिर भाविकांना ठाऊक आहे. २०२० च्या जानेवारींत पाथरीच्या विकासाकरितां १०० कोटि रुपयांची घोषणा झाली, तेव्हां ‘जन्मस्थान’ या एका शब्दावरून शिर्डीकरांनीं बंद पाळला. परभणी शहरांत हजरत तुराबुल हक शाह यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षीं फेब्रुवारींत भरतो, आणि तेथें हिंदु-मुसलमान दोघेहि नवस फेडतात. दर्शन झालें, प्रसाद घेतला, कीं पाहुणा स्टेशनची वाट धरतो.

आपण कोणत्या मातींत उभे होतों, हें त्याला कोणी सांगत नाहीं. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याच्या बापाचें घराणें मूळचें पाथरीचें कुळकर्णी, असें फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. वडिलार्जित गांव आपल्याकडे असावा म्हणून बुऱ्हाण निजामशहानें वऱ्हाडच्या इमादशहाशीं युद्ध केलें आणि १५१८ त पाथरी घेतली. त्याच शतकांत पार्थपूर, म्हणजे हीच पाथरी, येथील सूर्यदास पंडितानें भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली. त्याचें एक काव्य तर सरळ वाचलें तर रामकथा आणि उलट वाचलें तर कृष्णकथा सांगतें! एवढ्या बुद्धीच्या माणसाचें नांव त्याच्याच गांवीं फारसें कानीं पडत नाहीं, हें मात्र खेदाचें आहे.

पाथरीहून सेलूकडे वळावें आणि सेलू तालुक्यांतील वालूर गांठावें. तेथील बारव हें या जिल्ह्याचें खरें नवल. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. सामान्यतः तिच्या पायऱ्या एका किंवा चारी बाजूंनीं सरळ उतरतात. वालूरची बारव गोल आहे, आणि तिच्या पायऱ्या शंखाच्या वळणाप्रमाणें कडेकडेनें फिरत पाण्यापर्यंत जातात. ही कारागिरी नुसत्या शोभेसाठीं नव्हे. मराठवाड्यांत पाऊस चार महिने पडतो. पुढें काळ्या मातीखालच्या खडकांतून झिरपणारें पाणी महिन्यामहिन्यानें खालीं जातें. पाणी जसें उतरेल तशी घागर घेतलेली बाईहि चार पायऱ्या अधिक उतरेल, दोर-पोहऱ्यावांचून तिचें अडणार नाहीं, असा हा हिशेब आहे. गांवोगांव नळ आले आणि तो हिशेब लोक विसरले. पुष्कळ बारवांचे उकिरडे झाले. वालूरचीहि माती-कचऱ्यानें तीच दशा झाली होती. अलीकडे वालूरच्या गांवकऱ्यांनीं श्रमदानानें गाळ उपसला आणि बारव मोकळी केली. आज परगांवचे लोक ती पाहावयास येतात, तेव्हां वाट दाखविणाऱ्या पोराच्या चालींत निराळाच रुबाब असतो.

जिंतूर तालुक्यांत चारठाणा आहे. तेथें जुनीं देवळें, कोरीव बारव आणि एक उंच नक्षीदार दगडी स्तंभ आहे. जिंतुराजवळच नेमगिरीचीं जैन लेणीं आहेत. त्यांतील पार्श्वनाथाची मोठी मूर्ति लहानशा दगडावर तोललेली दिसते, आणि पाहणारा वांकून खालून डोकावल्याशिवाय राहत नाहीं. गंगाखेड तालुक्यांतील धारासूरचें गुप्तेश्वर मंदिर याहून थोर, पण त्याचें दैव कठीण. गोदावरीच्या काठावर उंच जोत्यावर तें उभें राहिलें. त्याच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींचीं शिल्पें पाहण्यास अर्धा दिवस पुरत नाहीं. आणि त्याच नदीच्या पुरांनीं काठाची माती खचत गेली. राज्याच्या पुरातत्त्व विभागानें तें सांवरण्याचें काम हातीं घेतलें आहे. तें काम उशीरा सुरू झालें, असेंच म्हटलें पाहिजे.

गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मगांव; तेथील घाटावर पर्वणीला पाय ठेवावयास जागा नसते. एरव्हीं मात्र सकाळीं धुणें, आंघोळी आणि गप्पा यांनींच तो जागा होतो, आणि घाट पाहावा तो तेव्हांच. मुद्गल येथें तर महादेवाचें देऊळ नदीच्या पात्रांतच आहे. पुराच्या दिवसांत भाविक काठावरूनच हात जोडतात.

उरुसाला येणाऱ्यानें दोन दिवस अधिक काढावे. रब्बी ज्वारीचा हुरडा तेव्हां संपत आलेला असतो, पण ओळखीचा शेतकरी असला तर आगटी पेटते आणि चटणी व गूळ पुढें येतो. (याच परभणीच्या कृषि विद्यापीठाची ‘परभणी क्रांति’ भेंडी देशभर पेरली गेली, हें खाणाऱ्यांस क्वचितच ठाऊक असतें.) वालूरची बारव शेवटीं ठेवावी. उन्हाळ्याच्या तोंडीं पाणी ओसरूं लागतें आणि खालच्या, एरव्हीं बुडालेल्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडतात. चपला वरतीं काढून ठेवाव्या. दगड शेवाळानें निसरडे असतात.