हप्ता आपला, तर निवडही आपली

(प्रभागसंघाच्या दिवाळीआधीच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मांडणीचं लेखी रूप. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी.)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. बचत, परतफेड, शेळीपालन सोडून ही पोरगी आज टीव्हीवर काय बोलणार? पण गेल्या दोन महिन्यांत मी ज्या ज्या गटांच्या बैठकीला बसले, तिथे अंतर्गत कर्जाच्या मागणीत टीव्ही आला नाही असं क्वचितच झालं. सोयाबीनचे पैसे येतायत, दिवाळी तोंडावर आहे, जुना डबा टीव्ही बंद पडलाय. मागणी येणारच.

आणि ती आली की बैठकीत काय होतं, तेही मी बघते. एखादी ताई हळू आवाजात म्हणते, "मला पंधरा हजार पाहिजेत." "कशाला?" "टीव्हीला." लगेच कुजबुज सुरू. "टीव्हीला कुणी कर्ज काढतं का?" घरातल्या पुरुषाने मोटारसायकल काढली तर ती गरज, आणि बाईने टीव्ही मागितला तर ती चैन! दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईने तासभर मालिका बघितली तर काय बिघडलं? करमणूक ही पण माणसाची गरज आहे. म्हणून टीव्हीला कर्ज द्यायचंच नाही, असं मी सांगणार नाही. ते तुमचा गट ठरवेल.

मला टोचलं ते वेगळंच. एका बैठकीत एक ताई म्हणाली, "मॅडम, हप्ता माझा, बिल त्यांचं आणि रिमोट पोराचा." सगळ्या हसल्या. ती पण हसली. पण विचार करा. कर्ज तिच्या नावावर, परतफेड चुकली तर नाव तिचं खराब. दुकानात मात्र ती गेलीच नव्हती. आज मला एवढंच सांगायचंय: हप्ता आपला असेल, तर दुकानात निवड करताना, बिलावर आणि घरात रिमोटवर, तिन्ही ठिकाणी आपण असायला हवं. त्यासाठी थोडी माहिती लागते. ती घेऊ.

केवढा घ्यायचा?

टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. ३२ इंची म्हणजे तिरका साधारण ८१ सेंटीमीटर. दुकानदार म्हणेल, "थोडे पैसे टाका, ४३ घेऊन जा." अशा वेळी घरून मोजमाप घेऊन गेलेलं बरं. टीव्ही ठेवायची जागा आणि बसायची जागा यांतलं अंतर इंचात मोजा आणि निम्मं करा. सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्याचे निम्मे ३६. म्हणजे ३२ इंची पुरेसा. सात फूट असेल तर ४३ इंची चालेल. आपली खोली दहा फुटांची असली तरी कॉट, कपाट, धान्याची कोठी सोडून मधे सहा-सात फूटच उरतात. त्यात मोठा पडदा आणला तर डोळे दुखतात, बाकी काही नाही.

सध्या एक गोष्ट जोरात सांगितली जाते, "जीएसटी कमी झाला, आता मोठाच घ्या." खरं काय आहे ते ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. म्हणजे ३२ इंची टीव्ही "जीएसटी कमी झाल्यामुळे स्वस्त" असं कुणी म्हणालं, तर गालात हसायचं आणि भाव करायचा.

एचडी म्हणजे काय हो?

ठिपक्यांची रांगोळी आठवा. टीव्हीचं चित्र तसंच ठिपक्यांचं असतं. अंगण तेवढंच, पण ठिपके जास्त तर रांगोळी नाजूक. खोक्यावर "एचडी रेडी" लिहिलं असेल तर साधारण साडेदहा लाख ठिपके. "फुल एचडी" म्हणजे जवळपास वीस लाख सत्तर हजार. "फोर के" म्हणजे ऐंशी लाखांच्या वर. ३२ इंची पडद्यावर सहा फुटांवरून बघताना एचडी रेडी आणि फुल एचडी यांतला फरक फारसा जाणवत नाही. ४३ इंचीला मात्र फुल एचडीच्या खाली जाऊ नका.

आता खरी मेख. ठिपके कितीही असले तरी रांगोळीचा नमुनाच मोठ्या ठिपक्यांचा असेल तर ती नाजूक कशी येणार? आपल्याकडे अनेक घरांत डीडी फ्री डिश आहे. महिन्याचा रिचार्ज नाही, डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, म्हणून ती चांगलीच आहे. पण तिच्यावरचे बहुतेक चॅनेल साध्या प्रतीचे असतात. म्हणून नवा टीव्ही आणून जुन्याच बॉक्सला जोडला की चित्र उलट जास्त धुरकट वाटतं, आणि घरात भांडण, "फसवलं आपल्याला!" फसवलेलं नसतं. लहान चित्र मोठ्या पडद्यावर ताणलेलं असतं, एवढंच.

चेहरे फुगलेले दिसत असतील तर सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदला, माणसं पुन्हा बारीक होतात. बॉक्स एचडी असेल तर लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीऐवजी एचडीएमआय वायर लावा. विकतची डिश किंवा केबल असेल तर आपल्याला हवे तेच चॅनेल निवडून तेवढ्याचेच पैसे भरायचा हक्क २०१९ पासून आपल्याला आहे. एकाच चॅनेलचे साधं आणि एचडी असे दोन्ही प्रकार पॅकमध्ये घुसवलेले असतात, ते तपासा.

स्मार्ट टीव्हीचं पोट

स्मार्ट टीव्ही घ्या, पण त्याला इंटरनेटचं खाणं लागतं. मोबाईलचं हॉटस्पॉट जोडून एचडी चित्र बघितलं तर तासाला साधारण दीड ते तीन जीबी जातात. आपला रोजचा दीड जीबीचा पॅक एका पिक्चरच्या मध्यंतरालाच संपणार. हा महिन्याचा खर्च हप्त्यासोबत धरा, नंतर नाही.

विजेचंही तसंच. ३२ इंची टीव्ही साधारण ५० वॉट धरा. रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिट. ४३ इंची ९० वॉट धरला तर साडेतेरा. खोक्यावर तारांकनाचं लेबल असतं, त्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. तारे जास्त तर वीज कमी. आणि सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू ठेवू नका. तो दहा वॉटचा धरला तरी महिन्याला सात युनिट नुसते बसून खातो. झोपताना भिंतीवरचं बटण बंद, ही सवय पोरांना लावा.

शून्य टक्क्याची जादू

दुकानात पाटी असते, "शून्य टक्के व्याज." मुळात शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. मग ते पैसे कुठे लपतात? हिशोब मांडू. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला.

टीव्हीची किंमत १५,००० रुपये. दीड हजाराचे दहा हप्ते, व्याज शून्य. पण रोख घेतला तर दुकानदार १४,००० ला द्यायला तयार आहे. म्हणजे हजार रुपये तिथे गेले. वर प्रक्रिया शुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५९०. एकूण जादा गेले १,५९०. खात्यात पैसे नसताना हप्ता आदळला तर दंड वेगळा, आणि कर्जाच्या इतिहासाला डाग लागतो तो निराळाच. उद्या गटाचं बँक कर्ज घेताना तो आडवा येऊ शकतो.

आता गटातून १४,००० घेतले. महिना एक टक्का, उरलेल्या मुद्दलावर, दहा हप्ते. व्याज होतं ७७०. दोन टक्के असला तरी १,५४०. आणि हे व्याज जातं कुठे? आपल्याच गटाच्या पेटीत! शून्य टक्क्यापेक्षा आपला एक टक्का निम्म्याने स्वस्त पडला की नाही? मधल्या ओळीतल्या मावशी बोट मोजतायत, मोजा मोजा, घरी जाऊन पुन्हा मोजा.

गटानेही मात्र एक नियम पाळावा. आजारपण, शाळेची फी, बी-बियाणं यांच्या मागण्या आधी, टीव्ही नंतर. आणि जिचं आधीचं कर्ज थकलेलं आहे, तिने ते आधी फेडावं. पंचसूत्री टीव्हीलाही लागू आहे.

दुकानात

स्वतः जा. सोबत घरच्यांना न्या, पण स्वतः जा. दुकानात सगळ्या टीव्हींचे रंग भडक ठेवलेले असतात. "घरचा मोड लावून दाखवा" असं सांगा आणि आपल्या नेहमीच्या चॅनेलवर चित्र बघा. मागच्या स्टिकरवर बीआयएसच्या खुणेसोबत आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. आपल्या तालुक्यात दुरुस्तीला माणूस येतो का आणि भिंतीवर बसवायचे वेगळे पैसे आहेत का, हे आधीच विचारा.

"बिल नको असेल तर हजार कमी करतो," असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर या. बिल नसेल तर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. बिल तुमच्या नावाने घ्या. दुकानदार सवयीने "साहेबांचं नाव सांगा" म्हणतो. म्हणायचं, "कर्ज माझ्या नावावर आहे, बिलावर पण माझंच नाव लिहा." वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख हवी. घरी आणल्यावर दुकानच्या माणसासमोरच चालू करून बघा, कारण फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

एक सावधानता. बिघाड झाला की पोरं मोबाईलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात. तिथे खोटे नंबरही असतात. नंबर वॉरंटी कार्डावरचाच लावा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन.

घरात आल्यावर

मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीला टीव्ही टांगू नका. पक्क्या टेबलावर ठेवा आणि मागून बांधा, लहान पोरं ओढतात. चुलीच्या धुराच्या रेषेत नको, दाराच्या उन्हासमोर नको. पुसायला कोरडं मऊ फडकं, पाणी नाही. विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा, आणि हे काम वादळ डोक्यावर यायच्या आधी करा.

लहानग्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय: एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. टीव्ही लावून घास भरवायची सवय आत्ताच मोडा.

आता रिमोट. सामना त्यांचा, कार्टून पोरांचं, आणि आपण ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून नुसतं ऐकायचं. असं किती घरांत आहे? हात वर करू नका, मला माहितीय. पहिल्याच आठवड्यात वेळ ठरवून घ्या. रात्री आठ ते नऊ आईचा तास, आणि त्या तासात भाकरी कोण थापणार, तेही ठरवून घ्या. एका गावात सासूबाईंनीच सुनेची बाजू घेतली. म्हणाल्या, "हप्ता ती भरते, तर एक तास तिचा." इतकं सोपं आहे ते. फक्त कुणीतरी बोलावं लागतं.

आणि शेवटचं. टीव्हीच्या मागे पेन ड्राइव्ह लावायची खाच असते. कोंबडीपालनाचे, शिवणकामाचे व्हिडिओ त्यात भरून आणा, इंटरनेट नसतानाही चालतात. गटाची एक बैठक अशा घरी घ्या. दहा जणी मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यात डोकं घालून बसण्यापेक्षा बरं.

पुढच्या बैठकीत कुणी टीव्हीसाठी कर्ज मागितलं, तर हसू नका. तिला तीनच प्रश्न विचारा. किती फुटांवरून बघणार? महिन्याचा सगळा खर्च धरून हप्ता झेपतो का? आणि बिल कुणाच्या नावाने करणार? तिन्हींची उत्तरं तिने स्वतः दिली, तर खुशाल मंजूर करा आणि प्रोसिडिंगला तसं लिहून ठेवा.

आता चहा आलाय, प्रश्न चहासोबत विचारा.